‘उधाण’ची पाच वर्षं

हर्षद पेडणेकरने आयुष्यात एकच जाहीर वचन दिलं, आणि तेही आंघोळीला जायच्या घाईत. टॉवेल खांद्यावर, एक पाय बाथरूममध्ये, अशा अवस्थेत त्याने अंगठ्याने फोनवर लिहून टाकलं: ‘येत्या पंधरा तारखेला उधाणची एक आवृत्ती निवडली जाईल आणि पुढची पाच वर्षं ती सांभाळली जाईल.’ मग डोक्यावर पाणी ओतताना त्याला प्रश्न पडला, पाच वर्षांत भरत्या किती येत असतील? तो मोजायला लागला, साबण डोळ्यात गेला, आणि साडेतीन हजारांच्या आसपास कुठेतरी श्वेताने दार वाजवलं.

“हर्षद, आत आहेस की वाहून गेलास?”

हर्षद अंधेरीला एका पंपांच्या कंपनीत ड्रॉइंग विभागात होता, राहायला बोरिवलीला गोराईच्या बाजूला, आणि मनाने बहुतेक वेळ खाडीत. छापील तक्त्यांत भरती-ओहोटीच्या वेळा मिळतात त्या मोठ्या बंदरांच्या. पण पाणी बंदरात शिरतं तेव्हाच काही ते तिवरांमधल्या अरुंद फाट्यात पोचत नाही. ते वाटेत रेंगाळतं, वळणावर थांबतं, चिखलाशी दोन शब्द बोलतं आणि मग पुढे येतं. या रेंगाळण्याचं गणित हर्षदने मांडलं आणि त्याचा एक प्रोग्राम केला. नाव ठेवलं ‘उधाण’. ओपन सोर्स, म्हणजे कुणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा, हवा तर दुरुस्त करावा. चारेकशे लोक तो वापरत. होडीवाले, कालवं-शिंपल्या काढणाऱ्या बायका, फ्लेमिंगो बघणारी मंडळी, आणि रत्नागिरीचे एक निवृत्त कप्तान, जे दर पौर्णिमेला चूक काढून पाठवत.

सगळं झकास चाललं असतं, पण हर्षदला स्वस्थ बसवायचं नाही. ऑफिसच्या खिडकीतून ढग बघता बघता त्याला काहीतरी सुचायचं, आणि चार महिन्यांत उधाणची नवी आवृत्ती निघायची. बटणं डावीकडची उजवीकडे जायची, रंग बदलायचे. पाचव्या आवृत्तीत तर त्याने निळ्या लाटा हलवल्या, त्यावर त्या त्या तिथीचा चंद्र तरंगत ठेवला आणि पाण्याचा मंद आवाजही घातला. ते चित्र पहिल्यांदा चालू झालं तेव्हा तो स्वतःच वीस मिनिटं बघत बसला होता.

दुसऱ्या दिवशी फोन आला होता.

“पेडणेकर का? मी जानकी. खाडीवर कालवं काढते. तुम्ही परत बदललंत ना?”

“हो! नवीन आहे. आवडलं?”

“पाणी कधी जाणार ते कुठं लिहिलंय तेच मला सापडेना. काल माझी ओहोटी चुकली, दिवस फुकट गेला. नुसता चंद्र दिसतो. मला चंद्र नको हो, तो मला वर दिसतो.”

एवढं बोलून जानकीबाईंनी मोबाइलवाल्याकडून दुसरी आवृत्ती परत घालून घेतली. ती राखाडी होती. त्यात दोनच ओळी होत्या: पाणी येणार, पाणी जाणार.

आणि संध्याकाळी विक्रोळीहून संघमित्राचा फोन. ही मुलगी दिवसा एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायची आणि उरलेल्या वेळात उधाणचं. अर्धं उधाण तिनेच लिहिलं होतं, आणि हर्षदने केलेलं निस्तरायचं कामही तिच्याकडेच होतं.

“हर्षददादा, सरळ बोलते. एक आवृत्ती निवड आणि जाहीर कर की पाच वर्षं हिला हात लावणार नाही. चूक सापडली तर दुरुस्त करू, बाकी काही नाही. ज्यांना कामासाठी पाहिजे ते ती घेतील. तुला काय खेळायचं ते नव्या आवृत्तीत खेळ.”

“निवडायची कुठली पण?”

“ते तू ठरव. मी म्हणते चौथी. पण ठरव ना यार! नाहीतर मी चालले. मला दर चार महिन्यांनी लोकांच्या शिव्या वाचायला वेळ नाहीये.”

संघमित्रा गेली तर उधाण बुडालं, एवढं हर्षदला स्वप्नातसुद्धा कळत होतं. म्हणून ते आंघोळीआधीचं वचन.

श्वेताला त्याने रात्रीच्या जेवणाला सांगितलं. ती दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती आणि माणसाला किती दुखणार आहे हे चेहऱ्यावरून ओळखायची.

“पाच वर्षं एकच गोष्ट सांभाळायची? आणि तू?” ती म्हणाली.

“का? इतर लोक सांभाळतात.”

“मी सांभाळते ना. लग्नात मिळाली तीच आवृत्ती एकोणीस वर्षं चालवतेय. दुरुस्त्या करत करत.”

हर्षदने मान खाली घालून भात कालवला. आपल्यात नेमक्या कोणकोणत्या दुरुस्त्या झाल्या असतील, हा विचार त्याला बडीशेप संपेपर्यंत पुरला.

आता ही बातमी घरातच राहिली असती तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण सोसायटीचे सेक्रेटरी गुणाजीकाका जिन्यात भेटले. गुणाजीकाका एका औषध कंपनीच्या पॅकिंग विभागातून निवृत्त झाल्यापासून सल्ला पॅक करून घरपोच देत.

“निवडणूक घे,” त्यांनी ऐकल्याबरोबर निकाल दिला.

“काका, पण सोसायटीत कुणीच ते वापरत नाही.”

“म्हणूनच! नि:पक्षपाती मतदार कुठं मिळतो हल्ली?”

रविवारी सकाळी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, बत्तीस बिऱ्हाडांचं मतदान झालं. हर्षदने दुसरी, चौथी आणि पाचवी अशा तिन्ही आवृत्त्यांची चित्रं दोरीवर चिमट्यांनी लटकवली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या शर्माभाभींनी पाचवीचा निळा रंग पडद्यांना चालेल का ते धरून बघितलं. तळमजल्यावरच्या अनिरुद्ध दाभोळकरांनी, खाडीला भरती येते हे आपल्याला कधी कळवण्यात आलं नव्हतं, अशी तक्रार लेखी नोंदवली. निकाल असा लागला: पाचवीला एकोणीस मतं, चौथीला चार, दुसरीला शून्य. आठ जणांनी ‘आधी लिफ्ट’ असं लिहिलं होतं. एक कागद कोरा होता, आणि तो हर्षदचा होता. पेन्सिल हातात घेऊन तो तिन्ही चित्रांकडे इतका वेळ बघत राहिला होता की गुणाजीकाकांनी कागद तसाच पेटीत टाकून पेटी उचलून नेली.

तरी मनातून तो सुखावला. पाचवी त्याची लाडकी होती, आणि आता तर ती निवडूनही आली होती.

याच सुमारास सरकार मध्ये पडलं. ‘खाडी व जेट्टी माहिती कक्ष’ अशा नावाचं एक कार्यालय आहे हे हर्षदला तोवर माहीत नव्हतं, पण कार्यालयाला हर्षद माहीत झाला होता. पत्रात लिहिलं होतं की उपनगरातल्या छोट्या जेट्ट्यांवर उधाणच्या वेळा फलकावर लावायचा विचार आहे, मात्र आवृत्ती पाच वर्षं निश्चित असावी, सबब सोबतचा अर्ज भरावा.

अर्ज मुळात माणसांसाठी छापलेला होता. आवृत्तीचे संपूर्ण नाव. जन्मतारीख. वडिलांचे नाव. आईचे नाव. कायमचा पत्ता.

“वडिलांच्या जागी तुमचं नाव घाला,” खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला.

“आणि आईच्या?”

“ते घरी विचारून या.”

श्वेताने साफ नकार दिला. संघमित्राला विचारायची हिंमत झाली नाही. शेवटी हर्षदने तिथे ‘अरबी समुद्र’ असं लिहिलं आणि आश्चर्य म्हणजे ते चाललं. अडलं दुसरीकडेच. पाच वर्षं सांभाळ करणाऱ्याच्या प्रकृतीचं प्रमाणपत्र जोडलेलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं, जीभ बघितली, वजन ऐकून नुसतं ‘हं’ केलं आणि म्हणाले, “पाच वर्षांची हमी मी कुणालाच देत नाही, पेडणेकर. तीन महिन्यांचं लिहून देतो.” त्या संध्याकाळी हर्षद घरी चालत आला. आपल्यापेक्षा आपला प्रोग्राम जास्त जगणार, असं अधिकृत कागदावर बघून त्याला वाईट वाटावं की बरं, हे ठरेना. जेट्टीजवळ तो थांबला. पाणी मागे हटत होतं आणि ओला चिखल आभाळासारखा चमकत होता. मग त्याला बरंच वाटलं.

तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रावर कार्यालयाने तोड काढली: प्रत्यक्ष स्थळपाहणी. चौदा तारखेला कक्षाच्या अधिकारी शर्मिष्ठा वाघमारे मॅडम स्वतः येणार, फाट्यात रोवलेल्या मोजपट्टीच्या खांबाशी उधाणच्या वेळा ताडून बघणार आणि मगच शिक्का मारणार.

“दादा, पाचवी नेऊ नको,” संघमित्रा म्हणाली. “मी ती अजून नीट तपासलेली नाही.”

“लोकांनी निवडलीय ती.”

“कुठल्या लोकांनी?”

हर्षदने विषय बदलला.

चौदाला सकाळी सव्वादहाला वाघमारे मॅडम जेट्टीवर हजर झाल्या. उन्हाची टोपी, काखेत फाइल, चेहऱ्यावर अठरा वर्षांची नोकरी. श्वेताने सुट्टी घेतली होती. एवढी वर्षं नवरा ज्या पाण्यापायी कामातून गेला ते पाणी तिला एकदा बघायचं होतं. गुणाजीकाका ‘मतदारांचे प्रतिनिधी’ म्हणून न बोलावता आले होते, छत्री आणि चिवड्याचा डबा घेऊन. होडी धाकूची होती. धाकू मूळचा वेंगुर्ल्याकडचा, आणि बोलण्यापेक्षा पाण्याकडे बघणं त्याला जास्त पसंत होतं.

फाट्याच्या तोंडाशी त्याने इंजिन हळू केलं.

“सायबानू, पाणी ओढताहा. आत गेलंव तर लगेच परतूक व्हया.”

हर्षदने फोन पुढे केला. निळ्या लाटा हलत होत्या. “बघ, इथे बारा दहापर्यंत होडीपुरतं पाणी आहे.”

“माका तसा दिसना नाय.”

“धाकू, हे गणित आहे.”

धाकूने पाण्याकडे बघितलं, हर्षदकडे बघितलं, आणि खांदे उडवले. “गणित तुमचा, होडी माझी,” एवढं म्हणून त्याने होडी आत घातली.

खांबाजवळ पोचल्यावर मॅडमनी आकडे टिपायला सुरुवात केली. त्यांच्या कपाळावर एक आठी आली, मग दुसरी. गुणाजीकाकांनी लोकशाहीवर चार शब्द बोलायला घेतले. चाराचे चाळीस झाले असतील, तेवढ्यात होडीच्या तळाखाली ‘सर्रर्र’ असा मऊ आवाज झाला. साडेअकरा वाजले होते.

“हां,” धाकू म्हणाला. त्याने इंजिन बंद केलं, बिडी काढली आणि तो आरामात बसला. त्याचं बघून सगळ्यांना कळलं की आता काही करण्यासारखं उरलेलं नाही.

“म्हणजे?” मॅडमनी विचारलं.

“म्हंजे बसलंव. पाणी परत येयसर. तीन-सवातीन.”

“माझी पाहणी दोन तासांसाठी मंजूर आहे!”

धाकूने चिखलाकडे हात केला, जणू अर्ज तिथे करावा. गुणाजीकाकांनी छत्री उघडून, हे मतदारांनी ठरवलेलं नव्हतं, असं स्पष्ट केलं. हर्षदचे कान लाल झाले होते. स्वतःच्या चंद्राने, स्वतःच्या लाटांनी, बायकोदेखत आणि सरकारदेखत त्याला चिखलात आणून बसवलं होतं. त्याने संघमित्राला फोन लावला आणि पाणी वेळेआधी गेलंय एवढंच सांगितलं.

दोन मिनिटं पलीकडून फक्त टाइप केल्याचा आवाज आला.

“दादा, चंद्राची तिथी जुळावी म्हणून तू तारखेत एक मिळवलायस?”

“हो. चंद्र एक दिवस मागे दिसत होता.”

“मग तुझं पाणीपण एक दिवस पुढे गेलं. पाचवी उद्याच्या वेळा दाखवतेय. पाणी रोज पन्नास मिनिटं उशिरा जातं, तेवढा फरक.” ती क्षणभर थांबली. “तू आत्ता आहेस कुठे?”

“चिखलात.”

तिने हसू दाबलेलं त्याला ऐकू आलं.

यानंतर भांडण व्हायला पाहिजे होतं. पण भांडायला जी घाई लागते ती हळूहळू होडीतून पाझरून गेली. पाणी गेलं, आणि खाली एक वेगळंच गाव उघडं पडलं. खेकडे एकेका बिळाच्या दारात येऊन उगाचच एक हात हलवून बोलावू लागले. निवट्या, त्या बोटभर मासोळ्या, चिखलावर उड्या मारत होत्या, मधेच थांबून माणसांकडे मोठ्या डोळ्यांनी बघत होत्या. तिवरांच्या मुळांतून थेंब पडल्याचे आवाज येत होते. पलीकडे कुठेतरी बोरिवली होती, पण तिची काही खात्री देता येत नव्हती. श्वेताने चपला काढल्या आणि पाय लांब केले. चिवड्याचा डबा फिरला. वाघमारे मॅडमनी आधी नाही म्हटलं, मग घेतला, मग टोपी काढून शेजारी ठेवली.

“तू इथेच असतोस ना?” श्वेता हळूच म्हणाली. “जेवताना, टीव्ही बघताना. मला वाटायचं माझ्याकडे लक्ष नाही.”

“लक्ष असतं. इकडून असतं.”

ती सरकून त्याच्याजवळ बसली.

दीडच्या सुमारास चिखलातून जानकीबाई आल्या. साडीचा काचा, डोक्यावर कालवांचं घमेलं, आणि चालणं असं की पाय रुतायच्या आत पुढचा पडत होता. होडीशी येऊन त्यांनी सगळ्यांना न्याहाळलं.

“धाकू, तू रे कसा रुतलास?”

धाकूने हनुवटीने हर्षदकडे दाखवलं. “हे पेडणेकर.”

“चंद्रवाले?” जानकीबाई हसल्या तशी घमेलं हललं. मग कमरेच्या पिशवीतून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला फोन काढून त्यांनी पुढे धरला. राखाडी पडद्यावर दोन ओळी होत्या. ‘पाणी जाणार’ची वेळ एक वीस दिलेली होती. वाघमारे मॅडमनी ती खांबाशी ताडून बघितली. बरोबर होती.

“कधी चुकत नाही का ही?” मॅडमनी विचारलं.

“चुकते की! अवसेला दहा मिनिटं मागं असते. वर्ष होऊन गेलं, रोज बघतेय मी.”

हर्षदने एव्हाना संघमित्राला पुन्हा फोन लावून स्पीकर चालू केला होता. “दहा मिनिटं?” ती पलीकडून ओरडली. “हे आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही?”

“कुणी विचारलं?” जानकीबाई म्हणाल्या. “मला माहीत आहे ना, मी तेवढी धरून चालते.”

“मावशी, दुरुस्त करून देते मी. दोन दिवसांत.”

“नको गं बाई! सगळ्याजणी दहा मिनिटं धरून चालतात. तू नीट केलंस तर आम्ही बुडू.”

हर्षद त्या दोन राखाडी ओळींकडे बघत होता. त्या त्याने घाईघाईत लिहिल्या होत्या, आणि पुढे लाज वाटून विसरूनही गेला होता. त्याला वाटायचं लोक उधाण बघतात. बघत कुणीच नव्हतं. लोक त्याच्यावर पाय ठेवून चालत होते.

“संघमित्रा,” तो म्हणाला, “दुसरी घेऊ या.”

“मी चौथी म्हणत होते.” पुन्हा टाइप केल्याचा आवाज आला. “पण चौथी कुठे चुकते हे कुणालाच माहीत नाही. ठीक आहे, दुसरी. पण दादा, पाच वर्षं. हात लावायचा नाही.”

“नाही लावणार.”

“अवसेची दहा मिनिटं मी खाली टीप म्हणून लिहिते. वेळ तीच राहील. मावशी, चालेल?”

“बारीक लिही,” जानकीबाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

वाघमारे मॅडमनी फाइल गुडघ्यावर उघडली. अर्जावर ‘पाचवी’ असं लिहिलेलं होतं आणि तळाला छापलेलं होतं की खाडाखोड चालणार नाही. त्यांनी चष्मा पुसला, ‘पाचवी’वर एक सरळ रेघ मारली, वर ‘दुसरी’ लिहिलं आणि शेजारी सही केली. शेऱ्यात लिहिलं, ‘प्रत्यक्ष पाहणी केली. पाहणीत होडी रुतली. पाचवी आवृत्ती नामंजूर.’ मतदारांच्या वतीने गुणाजीकाकांनी निषेध नोंदवायला तोंड उघडलं, पण तोंडात चिवडा होता.

सव्वातीनला पाणी आलं. आलं ते कळलंच नाही. आधी खेकडे दारं लावून आत गेले, मग चिखलावर एक पातळ काच पसरली, आणि मग होडी कुणी हात लावल्यासारखी किंचित हलली. धाकूने इंजिनाची दोरी हातात घेतली.

“चला?”

“दहा मिनिटं थांबू या का?” वाघमारे मॅडम म्हणाल्या.

पंधरा तारखेला हर्षदने जाहीर केलं. ऑफिसमध्ये बसून चार वेळा लिहिलं, चारही वेळा खोडलं आणि शेवटी दोनच वाक्यं ठेवली. रत्नागिरीच्या कप्तानांनी कधी नव्हे ते चूक न काढता उत्तर पाठवलं: ‘ठीक.’

पुढच्या आठवड्यात जेट्टीवर फलक लागला. ऑफिसला जायच्या आधी हर्षद मुद्दाम तिकडे गेला. राखाडी पत्र्यावर काळ्या अक्षरांत दोन ओळी होत्या आणि खाली बारीक टीप. त्याला कुणी ओळखलं नाही. एक म्हातारा होडीवाला आला, त्याने फलक वाचला, खाडीकडे बघितलं, पुन्हा फलक वाचला. मग त्याने खांबाची दोरी सोडली आणि होडी पाण्यात लोटली.

अक्षरं जराशी मोठी असती तर बरं झालं असतं, असं हर्षदच्या मनात आलं. त्याने दोन्ही हात खिशात घातले. होडी तिवरांच्या वळणाआड जाईपर्यंत तो तिथेच उभा राहिला, आणि ती गेल्यावरही थोडा वेळ, पाणी पुरतंय ना याची खात्री होईपर्यंत.